साचा बरोबर, आकडा चूक: भाषा-मॉडेलच्या उत्तरांवर लगाम कसा आला

२०२० मध्ये ओपनएआय कंपनीचं जीपीटी-३ हे भाषा-मॉडेल एपीआयमार्फत, म्हणजे इतर प्रोग्रामना थेट वापरता येईल असं, मिळू लागलं आणि मॉडेलचं उत्तर थेट दुसऱ्या प्रोग्रामला पुरवण्याचे प्रयोग वाढले. अडचण लगेच दिसली. जेसन, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातली माहिती, मागावं, तर आधी ‘हे घ्या तुमचं जेसन’ असं प्रास्ताविक यायचं किंवा शेवटी एक स्वल्पविराम जास्तीचा. माणूस तिकडे दुर्लक्ष करतो, पार्सर, म्हणजे ते वाचणारा प्रोग्राम, तिथेच थांबतो. मग प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) विनवण्या, रेजेक्सने (मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राने) साफसफाई, फसलं की पुन्हा विचारणं.

जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे ठरावीक साच्यात उत्तर मागण्याची सोय, आणलं, नोव्हेंबरमध्ये वैध जेसन देणारा जेसन मोड. त्यातही ठरवलेलीच फील्ड (रकाने) येतील याची हमी नव्हती.

खरी कलाटणी शब्दनिवडीच्या पायरीवर मिळाली. मॉडेल पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक टोकनला (शब्दाला किंवा त्याच्या तुकड्याला) शक्यता देतं. नियमात न बसणाऱ्या टोकनची शक्यता शून्य करून टाकली, तर चुकीची रचना लिहिताच येत नाही. २०२१ मध्ये ‘पिकार्ड’ या पद्धतीने एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेसाठी याच धर्तीवर अवैध टोकन नाकारून दाखवले. जुलै २०२३ मध्ये ब्रँडन विलार्ड आणि रेमी लूफ या संशोधकांनी रेजेक्सचं फायनाइट-स्टेट मशीन (एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याचा नकाशा) बनवून, कोणत्या स्थितीत कोणते टोकन चालतील याची सूची आधीच तयार ठेवली, त्यामुळे वेगही टिकला. ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआयनेही ‘स्ट्रक्चर्ड आउटपुट्स’ आणले. त्यांच्याच चाचणीत अवघड स्कीमा (कोणती फील्ड हवीत, कोणत्या प्रकारची, याचा आराखडा) पाळण्यात जीपीटी-४ची जुनी आवृत्ती ४० टक्क्यांच्याही खाली होती, नवं जीपीटी-४ओ १०० टक्क्यांवर पोचलं.

माझ्या मते धोका इथेच वाढला, कारण आता चूक नीटनेटकी दिसते. मूळ रक्कम १२,५००, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी १,१२५, एकूण १४,७५०, असं बिल घ्या. मॉडेलने १४,५७० लिहिलं तरी स्कीमा निमूटपणे पास करते. त्याहून वाईट म्हणजे सक्तीचं फील्ड: बिलावर तारीखच नसेल, तरी मॉडेलला काहीतरी तारीख भरावीच लागते. तिथे ‘नल’ची, म्हणजे फील्ड रिकामं ठेवण्याची, मुभा हवीच.

डेटाबेसवाल्यांना ही शिस्त नवी नाही; चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे नियमात न बसणारी नोंद नाकारणारी अट, ते वर्षानुवर्षं लावत आले आहेत. तेच इथे करायचं. बेरीज कोडने पडताळायची, प्रत्येक आकड्यासोबत मूळ कागदातली ओळ जशीच्या तशी मागायची आणि ती तिथे खरंच आहे का हे शोधायचं. जुळलं नाही, तर नोंद टेबलात न घालता माणसाकडे तपासायला पाठवायची.