वायुदीप्ती प्रतिमांकन

ऊर्ध्व वातावरणातील गुरुत्व तरंग रात्रीच्या आकाशाच्या मंद स्वयंप्रकाशावरून (वायुदीप्तीवरून) टिपण्याची पद्धत. उत्प्लावन (हवेला वर उचलणारे बल) हे या तरंगांचे पुनःस्थापक, म्हणजे हवेला मूळ जागी आणणारे, बल असते. त्यांच्या सिद्धांताची मांडणी सी. ओ. हाइन्स यांनी 1960 मध्ये केली. हायड्रॉक्सिलच्या (OH) अवरक्त दीप्तीतील पट्ट्यांची छायाचित्रे 1973 च्या सुमारास प्रसिद्ध झाली.

वायुदीप्ती पातळ थरांतून येते : हायड्रॉक्सिलची सुमारे 87 किमी., तर अणुरूप ऑक्सिजनची हिरवी रेषा (557.7 नॅनोमीटर) सुमारे 96 किमी. उंचीवरून. तरंग जाताना थराची घनता व तापमान बदलते आणि उजळ-काळपट पट्टे उमटतात. थराची जाडी 8–10 किमी. असल्याने त्याहून कमी उभ्या तरंगलांबीचे तरंग दृष्टिरेषेवर परस्परांना पुसून टाकतात. प्रतिमा कोरी दिसली म्हणून वातावरण शांत होते असे ठरत नाही.

उपकरणात मत्स्यनेत्र भिंग, गाळणीचक्र आणि थंड ठेवलेला सीसीडी (प्रकाशसंवेदी चकती) असतो. व्यतिकरण गाळणीवर (ठरावीक तरंगलांबीच पार जाऊ देणाऱ्या) किरण तिरपे पडले की पारगमन-पट्टा, म्हणजे पार जाणाऱ्या तरंगलांबींचा पल्ला, लघु तरंगलांबीकडे सरकतो आणि प्रतिमेच्या कडेला अपेक्षित रेषाच निसटते. म्हणून मधल्या भिंगांनी किरण जवळजवळ लंब करून घेतात. हायड्रॉक्सिलला 15–20 सेकंदांचे उद्‌भासन (प्रकाश घेण्याचा काळ) पुरते, हिरव्या रेषेला दीड-दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटांत 50 मी./से. वेगाचा तरंग 6 किमी. सरकतो, त्यामुळे बारीक पट्टे पुसट होतात. घुमटावरचे दव आणि चांदणे हे नेहमीचे अडथळे.

ताऱ्यांच्या ज्ञात स्थानांवरून दिशा व भिंगाची विकृती ठरवतात, मग तारे काढून प्रतिमा सपाट नकाशावर उलगडतात. आकाशगंगेचा पट्टा नवख्याला तरंगच वाटतो. तो ताऱ्यांबरोबर फिरतो, हीच त्याची ओळख. द्विमितीय फूर्ये रूपांतराने (प्रतिमेतील आवर्ती घटक वेगळे करणाऱ्या गणिती रीतीने) तरंगलांबी मिळते, पण एकाच प्रतिमेवरून दिशेत 180° ची संदिग्धता राहते. ती लागोपाठच्या प्रतिमांतील कलाबदलाने सुटते. मिळणारा वेग जमिनीसापेक्ष असतो. तरंगाचा स्वतःचा आवर्तकाल काढायला त्याच उंचीवरचा वारा उल्का-रडारसारख्या साधनाने मोजावाच लागतो. ही पायरी गाळून काढलेले निष्कर्ष फारसे भरवशाचे नसतात.

सुमारे 20–100 किमी. तरंगलांबीचे, तासन्‌तास टिकणारे पट्टे खालून आलेले तरंग मानले जातात. साधारण 5–15 किमी. लांबीच्या, बहुधा तासाच्या आत विरणाऱ्या ऊर्मिकांच्या (बारीक पट्ट्यांच्या) उगमाबद्दल मात्र मतभेद आहेत. एका मते त्या तेथेच उद्‌भवलेल्या अस्थिरतेची खूण होत. वाऱ्याच्या कर्तनातून (उंचीनुसार वारा बदलण्यातून) झाल्या असतील तर त्यांच्या रेषा कर्तनदिशेला लंब असतात. अभिसरणी अस्थिरतेतून (जड हवा हलक्या हवेवर आल्याने होणाऱ्या उलथापालथीतून) झाल्या असतील तर मूळ तरंगाच्या पट्ट्यांना लंब. दुसऱ्या मते त्यांतील काही खरेच लघु तरंग आहेत. अस्थिरतेच्या ऊर्मिका वाऱ्याबरोबर वाहतात, तरंग वाऱ्यापेक्षा वेगळ्या वेगाने जातो. वारा व तापमान एकाच वेळी मोजलेल्या रात्रींत रिचर्डसन अंक (हवेचे स्थैर्य व वाऱ्याचे कर्तन यांची तुलना करणारा) 1/4 च्या खाली आढळला, तर कर्तन-अस्थिरतेचा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो. केवळ लांबीवरून केलेले वर्गीकरण तात्पुरतेच समजावे.

समकेंद्री वलये दिसल्यास केंद्राखालचे गडगडाटी वादळ शोधता येते. सरळ पट्ट्यांचा उगम किरण-अनुरेखनाने (तरंगाचा मार्ग गणिताने मागोवत) मागे जाऊन काढतात. तो वापरलेल्या वारा-प्रतिमानावर अवलंबून असतो.