नळी आधी ऑटोक्लेव्ह करा, फ्लो नंतर मोजा
(छोट्या बायोरिएक्टरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या भांड्यावर, नळी दाबून द्रव पुढे ढकलणारा पेरिस्टाल्टिक पंप वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "काल पंप व्यवस्थित चालत होता, आज फ्लो कमी देतोय, माणूस पाठवा." माणूस येतो, पंप उघडून बघतो आणि पंपाला काहीच झालेलं नसतं. तुमचा दिवस जातो, आमचाही जातो. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक पंपाबरोबर देतो. बटणं, डिस्प्ले, फ्यूज वगैरे मॅन्युअलमध्ये आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

आधी एक गोष्ट पटकन सांगून टाकतो. पंपहेड, म्हणजे रोलर असलेला भाग, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका. रोलर नळीला बाहेरून दाबतात, मिडिया (जिवाणूंचं पोषक द्रावण) नळीच्या आतूनच जातो आणि हेडला तो लागतच नाही. पंप बंद करा, प्लग काढा, 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने हेड पुसा, एवढं पुरतं. आमच्या हेडचं प्लास्टिक 121 अंशांना वाकतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर येतं. असं हेड वॉरंटीत घेत नाही. आणि वाफेत जाऊन आलेलं हेड लांबूनही ओळखू येतं, तेव्हा "आम्ही नव्हतं घातलं" हे सांगू नका.

आता खरा घोळ. बहुतेक ठिकाणी क्रम असा असतो: नवी नळी आणली, पंपात बसवली, डिस्टिल्ड वॉटर घेऊन कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) किती मिली येतं ते मोजलं, तक्ता भिंतीवर लावला. मग नळी काढून ऑटोक्लेव्ह केली, परत बसवली आणि तोच तक्ता वापरला. तो तक्ता आता दुसऱ्याच नळीचा झालेला असतो. ऑटोक्लेव्हमधून आलेल्या नळीचा मऊपणा आणि माप थोडं बदलतं. शिवाय नवी नळी रोलरखाली पहिले काही तास सैलावत जाते, दाबल्यावर पूर्वीसारखी पूर्ण गोल होत नाही आणि फ्लो हळूहळू उतरतो. परत बसवताना कोणी ती जरा ओढून बसवली तर आतला व्यास आणखी कमी होतो. फ्लो व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे व्यासात 5 टक्के फरक पडला तर फ्लोमध्ये साधारण 10 टक्के.

10 टक्क्यांनी काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. 1 लिटर वर्किंग व्हॉल्यूमचा केमोस्टॅट आहे, म्हणजे मिडिया सतत आत येतो आणि तेवढंच कल्चर बाहेर जातं. डायल्यूशन रेट (ताशी फीड भागिले व्हॉल्यूम) ताशी 0.1 हवा आहे, म्हणजे फीड ताशी 100 मिली. पंप प्रत्यक्षात 90 मिली देतोय. रेट 0.09 झाला आणि व्हेसल एकदा पूर्ण बदलायला 10 ऐवजी 11 तासांच्या वर लागायला लागले. स्टेडी स्टेटसाठी, म्हणजे कल्चर स्थिर व्हायला, अशा पाच फेऱ्या धरल्या तर दोन दिवसांहून जास्त वेळ थांबून जे आकडे मिळाले, ते तुम्हाला हव्या असलेल्या रेटचे नाहीतच. त्यातही फ्लो उतरतच असेल तर कल्चर स्थिर होत नाही, आणि दोष आधी जिवाणूंना दिला जातो, मग आम्हाला.

म्हणून क्रम बदला. नळी ऑटोक्लेव्ह करा, न ओढता आणि पीळ न देता बसवा, काही तास चालवा, मग मोजा. "पण निर्जंतुक लाइन उघडून मोजायची कशी?" हा प्रश्न रास्त आहे. उघडायची नाही. त्याच रिळातला तेवढाच तुकडा तितक्याच वेळा ऑटोक्लेव्ह करून त्यावर तक्ता काढा. नळीचं टोक व्हेसलच्या उंचीवर ठेवूनच मोजा. आणि रन सुरू झाल्यावर फीडची बाटली वजनकाट्यावर ठेवा. तासागणिक घटणारं वजन भागिले मिडियाची घनता, हा तुमचा खरा फ्लो. डिस्प्लेवरच्या आकड्यापेक्षा आमचा काट्यावर जास्त विश्वास आहे, पंप आमचाच असला तरी.

ऑटोक्लेव्ह करताना बाटली, नळी आणि व्हेसल जोडूनच आत ठेवा. आमचं हेड वरून उघडतं आणि जोडलेली लाइन न सोडवता मधूनच बसते, त्यामुळे नंतर काही तोडून जोडावं लागत नाही. द्रवात बुडालेल्या टोकाच्या लाइनवर क्लॅम्प हवाच, नाहीतर हेडस्पेसचा (द्रवावरच्या मोकळ्या जागेचा) दाब मिडिया बाहेर ढकलतो. व्हेंट फिल्टरची (हवा ये-जा करायची) लाइन मात्र उघडी ठेवा आणि फिल्टर भिजू देऊ नका. कोरडी नळी दोन्ही बाजूंनी क्लॅम्प करून ठेवली तर आत वाफ पोचत नाही, फक्त गरम हवा राहते. कोरड्या हवेला 160 अंशांना दोन तास लागतात, तिथे 121 ला वीस मिनिटं काय पुरणार? अशा लाइनमध्ये दोन-चार मिली डिस्टिल्ड वॉटर सोडा. एक्झॉस्ट, म्हणजे वाफ सोडणं, सावकाश. बाहेर आलेली सिलिकॉन नळी दुधाळ दिसली तर ती खराब झालेली नाही, ओलावा धरला आहे, सुकली की उतरते.

दर रनला नवी नळी घ्या म्हणतो, ते माल खपवायला, असं काहींना वाटतं. म्हणूनच आम्ही अखंड नळी न देता रोलरखालचा छोटा तुकडा वेगळा, कनेक्टरने जोडलेला देतो. बदलायचा तेवढाच, बाकीची लाइन बरेच रन चालते. हा तुकडा सिलिकॉनऐवजी थर्मोप्लास्टिक रबराचा घेतला तर महाग पडतो, पण रोलरखाली कितीतरी जास्त टिकतो. आठवडाभर चालणाऱ्या रनला आणि पीएचसाठीच्या तीव्र अल्कलीच्या लाइनला आम्ही तोच सुचवतो. दोन-तीन दिवसांच्या बॅचला सिलिकॉन पुरे, उगाच खर्च करू नका.

ऑर्डर देताना "एक पंप आणि नळी" एवढंच लिहू नका. वर्किंग व्हॉल्यूम, हवा असलेला फ्लो आणि रन किती दिवसांचा हे तिन्ही लिहा. 0.8, 1.6 आणि 3.1 मिमी व्यासाच्या नळ्या तयार असतात. मोठ्या व्यासाची नळी घेऊन पंप अगदी कमी आरपीएमवर रखडत चालवला तर फीड गचके देत पडतं. पंप मधल्या वेगात राहील अशी नळी आम्ही निवडून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पंपाबरोबर नळीचा सेट घेतलात तर तक्ता काढण्यासाठी त्याच रिळातला जादा तुकडाही पाकिटात मिळेल.