हीट सिग्नेचर कमी करणं (रणगाडे)

रणगाडा थर्मल कॅमेऱ्यात आजूबाजूच्या माती-झाडोऱ्यापेक्षा वेगळा उठून दिसू नये म्हणून जे काही करतात ते सगळं यात येतं. हिरवा-तपकिरी रंग मारून भागत नाही, कारण हा कॅमेरा रंग बघतच नाही, वस्तूतनं निघणारी इन्फ्रारेड किरणं बघतो, मुख्यतः 3 ते 5 आणि 8 ते 12 मायक्रॉन तरंगलांबीची, हवेतनं तीच लांबवर पोचतात.

साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं आहेत, पण हे समजून घ्यायला कारखान्याच्या गेटवरचा उसाचा ट्रॅक्टर पुरे. रात्री नुकताच बंद केलेला असला तर बॉनेटवर हात शेकतो, सायलेन्सरला हात लावायची सोयच नाही, टायरसुद्धा गरम, आणि मागं ट्रॉलीतल्या मोळ्या दवानं गारठलेल्या. रणगाड्याचंही तेच: धुराची नळी, इंजिनवरचं झाकण, चाकांचं रबर, ट्रॅक (चाकांभोवती फिरणारे लोखंडी पट्टे), आणि गोळे डागले की तोफेची नळी.

मग धुरात बाहेरची गार हवा मिसळून सोडतात, गरम भागांना आतनं इन्सुलेशन देतात, चाकांवर बाजूनं स्कर्ट, म्हणजे लोंबते झाकणपत्रे, लावतात. किरणं कमी सोडणारा पेंटही असतो, पण इथं गंमत आहे, असा पृष्ठभाग वरचं थंड आभाळ परावर्तित करतो आणि गाडी आजूबाजूपेक्षा जास्तच गार दिसायला लागते, म्हणजे परत उठूनच दिसली! गार दिसणं हे कामच नाही, मागच्या जमिनीएवढंच दिसायचं असतं, आणि जमीन तर दिवसभर तापत-निवत राहते.

गाडीवर पांघरायच्या जाळ्याही असतात; स्वीडनच्या साब कंपनीची बाराकुडा जाळी लांबनं नर्सरीच्या शेडनेटसारखी वाटते. कुठलीही जाळी तापलेल्या झाकणाला चिकटली तर तीच गरम होते, म्हणून मधे हवा खेळती लागते. ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्स या शस्त्रास्त्र कंपनीनं 2011 मध्ये सीव्ही-90 या चिलखती गाडीवर ॲडाप्टिव्ह नावाचं आवरण दाखवलं, षटकोनी फरशा, प्रत्येकीचं तापमान वेगळं बदलता येतं, त्यामुळं ती थर्मलमधे साधी कारसुद्धा भासू शकते. माझ्या मते यातला सगळ्यात डोकेबाज प्रकार हाच, फक्त वीज खातो आणि भाव विचारू नका.

सूर्य उगवताना-मावळताना गाडी आणि जमीन थोडा वेळ जवळपास सारखीच दिसते, ती सवलत फुकटची. पण गाडी कितीही झाकली तरी ट्रॅकनं उकरलेली माती बाजूच्या रानापेक्षा वेगळ्या तापमानाची असते, आणि ड्रोनला वरनं तेवढा चाकोरा दिसला की तो थेट जाळीपर्यंतच जातो.