गाडी बंद पडते, पण नेमकी कधी?

‘चालती गाडी बंद पडते’ एवढंच सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडली, की बऱ्याचदा आधी प्लग बदलले जातात, मग फ्युएल फिल्टर, मग पंप. बिल वाढत जातं आणि गाडी पुढच्या सिग्नलला पुन्हा मान टाकते. माझं ठाम मत आहे, की एकही पार्ट विकत घेण्याआधी मालकाने काही गोष्टी टिपून ठेवाव्यात. इंजिन थंड होतं की तापलेलं? पाय ॲक्सिलरेटरवर होता का? एसी चालू होता का? पेट्रोल नुकतंच भरलं होतं का? गाडी आचके देत बंद पडली की क्षणात? निदानाचा मोठा भाग या उत्तरांतच असतो.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती सिग्नलला बंद पडण्याची. चार सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, म्हणजे मिनिटाला 1600 वेळा ज्वलन होतं. त्यातून मिळणारी जवळपास सगळी ताकद इंजिनाचं स्वतःचं घर्षण, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर यांतच खर्ची पडते. हाताशी शिल्लक जवळजवळ काहीच नाही. स्लो सायकलिंगच्या शर्यतीत हँडल जरा हललं तरी पाय टेकतो, तशीच ही अवस्था. 2500 फेऱ्यांना जाणवतही नाही असा बारीक दोष इथे इंजिन बंद पाडतो.

असा दोष बहुधा हवेच्या वाटेवर सापडतो. आयडलिंगला थ्रॉटल बॉडीमधली, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातली, चकती जवळपास मिटलेली असते आणि हवा कडेच्या बारीक फटीतून आत जाते. इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफांचा काळा थर तिथे बसला की फट अरुंद होते. इंजिनाचा कॉम्प्युटर चकती थोडी जास्त उघडून बराच काळ सांभाळून घेतो. त्यालाही मर्यादा असते. मग एसी लावताच किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच इंजिन थांबतं. इथे क्लीनर स्प्रे आणि मऊ कापड पुरतं, पण अनेक गाड्यांत सफाईनंतर कॉम्प्युटरला चकतीची नवी स्थिती शिकवावी लागते. ते राहून गेलं तर सफाईनंतर आयडलिंग उलट बिघडतं आणि दोष मेकॅनिकच्या माथी येतो.

दुसरी शक्यता हवा चोरून आत शिरण्याची. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी पुरते. चिरलेल्या रबरी पाइपमधून न मोजलेली हवा आत आली की हे गणित फिसकटतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ही वाढ स्कॅनरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, फ्युएल ट्रिम म्हणून दिसते. येणारी हवा एमएएफ सेन्सरने मोजणाऱ्या गाडीत ट्रिम आयडलिंगला अधिक 20 टक्के असेल आणि रेस दिल्यावर शून्याजवळ येत असेल, तर बहुधा गळतीच समजावी, कारण हवेचा एकूण ओघ वाढला की गळतीचा वाटा नगण्य होतो. उलट, चढावर जोर देताना ट्रिम वाढत असेल तर फ्युएल फिल्टर किंवा पंपाकडे बघायचं. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्या मात्र हवेचा दाब मोजतात. त्यांत गळती असली तर ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच चढलेलं राहतं.

तापल्यावर क्षणात बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी सुरू होणारी गाडी हा वेगळा प्रकार. पहिला संशय क्रँकशाफ्ट सेन्सरवर. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, कुठल्या कोनात आहे हे त्याने कळवलं नाही, तर ठिणगी कधी पाडायची आणि पेट्रोल कधी सोडायचं हे कॉम्प्युटरला समजत नाही. या सेन्सरच्या एका प्रकारात केसासारख्या तारेची कॉईल असते. तारेतला तडा उष्णतेने उघडतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो, म्हणून थंड सेन्सर तपासला तर तो ठणठणीत निघतो. एक खूण चालकालाच दिसते. गाडी गिअरमध्ये असताना चाकं इंजिनाला फिरवत असतात, तरीही फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर पडला तर सेन्सरचा सिग्नलच तुटलेला असतो.

जुन्या प्रीमियर पद्मिनीचे मालक घाटात इंजिन गार करत उभे असत, त्यांचा त्रास याहून निराळा होता. तिचा पंप इंजिनावर बसवलेला आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. ओढताना नळीतला दाब घटतो, दाब घटला की द्रव लवकर उकळतो, त्यात इंजिनाची धग. नळीत वाफ भरली की पंपाला काही ओढता येत नसे. पंपावर ओलं फडकं ठेवण्याचा उपाय अगदी शास्त्रशुद्ध होता, कारण वाफेचं पुन्हा पेट्रोल होई. आता पंप टाकीत असतो आणि तीनेक बार दाबाने पेट्रोल ढकलतो, त्यामुळे ही व्याधी जवळपास संपली. या पंपाला गार ठेवतं ते भोवतालचं पेट्रोलच, म्हणून गाडी सतत रिझर्व्हवर चालवणं त्याला महागात पडतं.

पेट्रोल भरल्यावर लगेच बंद पडत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह बघावा. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठवून हळूहळू इंजिनात सोडणं हे त्याचं काम. तो उघडाच अडकला की टाकी भरताना उसळलेली वाफ एकदम आत शिरते. थंड इंजिन सुरू केल्या केल्या डब्याकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावं. ओढ जाणवली तर तो बदलायचा.

दुरुस्तीनंतरची चाचणीही ज्या स्थितीत गाडी बंद पडत होती, त्याच स्थितीत घ्यावी. आणि बॅटरीची वायर काढण्याआधी स्कॅनरवरचे बिघाडाचे कोड उतरवून घ्यावेत. त्यांच्यासोबत बिघाडाच्या क्षणीचे फेरे, तापमान आणि वेग नोंदलेले असतात. ती नोंद पुसली गेली, तर गाडी पुन्हा बंद पडेपर्यंत थांबावं लागतं.