गणेशखिंडीतला काळा पाषाण

एप्रिलच्या दुपारी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जाणं झालं, तर आधी उन्हातल्या भिंतीला हात लावून बघा. चटका बसेल. मग आत येऊन त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला तळवा टेकवा. दगड गार लागतो. माठाचा गारवा बाष्पीभवनाचा असतो. हा गारवा उशिराचा आहे.

ही वास्तू मुळात विद्यापीठाची नव्हे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला म्हणून जेम्स ट्रबशॉ या वास्तुकाराने ती इटालियन धाटणीत, ८० फुटी मनोऱ्यासह उभी केली. काम १८६४ मध्ये सुरू होऊन १८७१ मध्ये संपलं. विद्यापीठ आलं १९४९ मध्ये. धाटणी इटलीची असली तरी दगड मात्र इथलाच: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट.

बाहेरचा पृष्ठभाग तापला की ती ऊब दगडातून कणाकणाने आत सरकते, आणि वाटेत प्रत्येक थर आपला वाटा ठेवून घेतो. बेसाल्टचे उष्णतेचे गुणधर्म घेऊन अर्ध्या मीटर जाडीच्या भिंतीचं गणित मांडलं, तर दुपारची ऊब आतल्या बाजूला पोहोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर मध्यरात्र उलटते. शिवाय बाहेरच्या पृष्ठभागाच्या तापमानात दिवसभरात जेवढा चढउतार होतो, त्याचा जेमतेम पंचविसावा हिस्सा आत उरतो.

पण याला पुण्याच्या रात्रीची साथ लागते. उन्हाळ्यातही इथे पहाटे हवा गार होते, आणि साठलेली ऊब भिंत बाहेर टाकू शकते. मुंबईच्या दमट, उबदार रात्रीत नुसती जाड भिंत पुरत नाही. तिथे वारा खेळायला हवा. म्हणूनच कुठल्याही गावात त्याच एका नकाशाची काचेची इमारत उभी केलेली बघितली की मला वाईट वाटतं. काच ऊन सरळ आत घेते, पण तापलेल्या खोलीतून निघणारी अवरक्त किरणं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं, तिच्यातून पार जात नाहीत. मग ती ऊब बाहेर काढायला वातानुकूलन यंत्रं अहोरात्र चालवायची!

मुख्य इमारतीपासून त्याच परिसरात चालत गेलं की ‘आयुका’ लागतं. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेलं हे खगोलशास्त्राचं केंद्र चार्ल्स कोरिया यांनी घडवलं. त्याची भिंत थांबून बघण्यासारखी आहे. खाली खडबडीत बेसाल्ट, त्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात तो कडाप्पा, आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. नजर वर जाईल तसा काळा रंग गडद होत जातो, आणि शेवटच्या थरात ढग दिसायला लागतात. घासून गुळगुळीत केलेला दगड प्रकाश विखरून टाकत नाही, आरशासारखा एका दिशेने परतवतो. म्हणून भिंत संपते कुठे आणि आकाश सुरू होतं कुठे, ते क्षणभर कळत नाही.

आत चौक आहे, त्याला ‘कुंड’ म्हणतात. चार कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. वर छप्पर नाही. आपल्या वाड्यांच्या चौकासारखंच कोरियांनी आकाशाला घरात घेतलं आहे, आणि रात्री या मोकळेपणाचा उपयोग होतो. दिवसा तापलेले दगड अंधार पडल्यावर अवरक्त किरणं सोडू लागतात. त्यांतली बरीचशी हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात. पण ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात निरभ्र, कोरडं वातावरण बरंचसं पारदर्शक असतं. त्या खिडकीतून चौकातली ऊब थेट अवकाशात निघून जाते. आणि त्याच खिडकीतून उलट्या दिशेने तारकांभोवतीच्या उबदार धुळीचा प्रकाश खाली येतो, जो जमिनीवरच्या अवरक्त दुर्बिणी टिपतात.