कामावर अपघात झाला तर भरपाई: दावा नेमका कुठे अडकतो

अंगठा गेलेला असतो प्रेस मशीनमध्ये आणि केसपेपरवर लिहिलेलं असतं 'घरी दारात सापडला'. असे पेपर मी इतके बघितलेत की आता चीड येते. होतं काय, हॉस्पिटलात सोबत सुपरवायझर जातो, डॉक्टरांशी तोच बोलतो, जखमी माणूस विव्हळत असतो, त्याला कुठलं भान. म्हणून घरचं कोणी पोचलं की आधी तो कागद वाचा. कामावर असताना, कुठल्या मशीनवर, किती वाजता, एवढं त्यावर आलंच पाहिजे. चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या, वर्षभराने कोणी ऐकत नाही.

कायदा म्हणाल तर 1923 चा होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण हिशोबाचं मूळ तेच आहे. रोजंदारीवाला, ठेकेदाराचा माणूस, सगळ्यांना हक्क आहे. ठेकेदार फोन बंद करून पळाला तर ज्याचं काम चालू होतं तो मूळ मालक जबाबदार, दाव्यात त्यालाही सामनेवाला करा.

आता एक गोष्ट आधी तपासा. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी, कापली जाते का? पगार 21,000 पर्यंत असेल तर बहुधा कापली जात असेल. मग भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे दावा चालतच नाही, पैसे ईएसआयसीकडूनच मिळतात, तात्पुरतं अपंगत्व असेल तर पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशोबाने, आणि किती महिने वर्गणी भरली ही अट इथे नसते. लोक वर्ष घालवतात चुकीच्या खिडकीवर.

सगळ्यात मोठी अडचण पगाराच्या पुराव्याची. नेमणूकपत्र मागतात, ते कोणाकडेच नसतं. मग बँकेतल्या एंट्र्या, फोनवर आलेले पैसे, गेटपास, हजेरीच्या वहीचा फोटो, सुपरवायझरचा 'उद्या लवकर ये' असा मेसेज, सोबतच्या कामगाराचं प्रतिज्ञापत्र, जे सापडेल ते लावा.

मुदत 2 वर्षं, ती अपघाताच्या तारखेपासून, मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून. मालकाने 'देतो' म्हटलं त्या दिवसापासून नाही हो! एका विधवा ताईंना मालक दर सणाला थोडे पैसे देत राहिला आणि त्या आल्या तेव्हा 26 महिने झालेले. योग्य कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण ते कारण पटवत बसायची वेळच का आणायची.

रक्कम कशी निघते ते बघा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा, मृत्यू असेल तर 50 टक्के. पगार 15,000 हून कितीही जास्त असो, हिशोबाला 15,000 च धरतात, ही मर्यादा 2020 मध्ये ठरली. वय 30 चा आकडा 207.98, म्हणजे 15,000 चे 60 टक्के 9,000, गुणिले तो, झाले 18,71,820. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं कायद्यातल्या दुखापतींच्या यादीतच दिलंय, म्हणून 5,61,546. यादीत नसलेली दुखापत असेल, समजा कमरेची, तर डॉक्टरांनी कमाईची क्षमता किती टक्के गेली ते लिहून द्यावं लागतं. लोक दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन येतात, त्यात शरीराचे टक्के असतात, समोरचा वकील त्यावरच दावा खाली ओढतो.

'दारू प्यायला होता' हे उत्तर मालकाकडून हमखास येतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ते चालत नाही.

आणि वीस हजार हातात ठेवून 'आता काही येणं बाकी नाही' अशा कागदावर सही घेतली असेल तरी घाबरू नका. आयुक्तांकडे नोंद न झालेल्या तडजोडीने हक्क बुडत नाही, आणि मृत्यूची भरपाई तर मालकाने तिथेच जमा करायची असते, परस्पर दिलेली धरत नाहीत. महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही मागा, बरेच जण ही ओळच विसरतात.

दावा अपघात झाला तिथेच लावावा असं नाही, तुम्ही राहता त्या भागातही लावता येतो, त्यामुळे गावी परतला असाल तर तारखांना शहरात खेटे घालायची गरज नाही.