चाळिशीची रेषा, साठीची दौड आणि जन्मतारखेचा दाखला

मॅरेथॉनच्या निकालपत्रात पन्नास ते चोपन्न, साठ ते चौसष्ट, सत्तरीपुढील असे वयोगट छापलेले असतात आणि साठीनंतर धावायला लागलेल्या अनेकांच्या दृष्टीने निकालपत्रातला तोच भाग महत्त्वाचा असतो. हे वयोगट या खेळांत मुळापासून नव्हते. ते गेल्या सुमारे पन्नास वर्षांत आले. ते कोठे आखायचे, कोणत्या नावाने आखायचे आणि एखाद्याचे वय मानायचे तरी कोणत्या कागदावरून, हे प्रश्न अजूनही पुरते मिटलेले नाहीत.

उतारवयात दीर्घ अंतर कापण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आळंदी किंवा देहूपासून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर साठी-सत्तरीतले वारकरी पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत आणि दिंडीत कोणी कोणाचे वय विचारत नाही. मात्र त्या चालण्याला घड्याळ नाही, क्रमांक नाही, म्हणून खेळाच्या इतिहासात त्याची गणना झाली नाही. तो इतिहास सुरू होतो वैद्यकशास्त्राने आपले मत बदलले तेथून.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहण्याचाच सल्ला दिला जाई. १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा कमी असल्याचे त्यातून दिसले. १९६०च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे एका प्रशिक्षकाने मध्यमवयीन आणि हृदयरुग्ण माणसांना संथ गतीने धावायला लावले. त्या गटासोबत धावायला गेलेला पन्नाशीचा एक अमेरिकी प्रशिक्षक सत्तरी ओलांडलेल्या, झटके येऊन गेलेल्या गृहस्थाच्या मागे पडला आणि मायदेशी परतून त्याने जॉगिंगचा प्रसार सुरू केला. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता मोजण्यात आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी हानी झाली होती, त्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने झाली होती असे आढळले. पुढे सहा महिन्यांच्या सरावाने, वयामुळे झालेली घट त्यांनी बऱ्याच अंशी भरूनही काढली. पन्नाशीनंतर धावायला लागणाऱ्याला यापेक्षा भक्कम आधार दुसरा कोणता देता येईल, हे सांगणे कठीण आहे.

कॅनडातील टोरांटो शहराचे नाव या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. तेथील पुनर्वसन केंद्रात व्यायाम करणाऱ्या काही हृदयरुग्णांनी १९७३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन पूर्ण केली. १९७५ मध्ये वयस्क खेळाडूंची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा टोरांटोतच झाली. त्यानंतर दोन वर्षांनी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे या खेळाडूंची जागतिक संघटना स्थापन झाली, तर १९८५ मध्ये अनेक खेळांना एकत्र आणणारी पहिली मास्टर्स, म्हणजे वयस्क खेळाडूंची, क्रीडास्पर्धा पुन्हा टोरांटोने भरवली. २००४ मध्ये त्याच शहराच्या मॅरेथॉनमध्ये ७३ वर्षांच्या धावपटूने २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ दिली. भारतातील नियमित सराव करणाऱ्या बहुतेक तरुण हौशी धावपटूंनाही ती गाठता येणार नाही.

संघटनेच्या सुरुवातीच्या नियमांत वयस्क गटात येण्याची रेषा पुरुषांसाठी चाळिशीची होती आणि स्त्रियांसाठी पस्तिशीची. या फरकाकडे केवळ शरीरशास्त्राच्या नजरेने पाहणे अपुरे ठरते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी १५०० मीटरची शर्यत १९७२ मध्ये आली, मॅरेथॉन १९८४ मध्ये. बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तोही १९७२ मध्येच. म्हणजे १९७५ मध्ये पस्तिशी गाठलेल्या स्त्रियांना तरुणपणी लांब अंतर धावण्याची अधिकृत संधीच मिळाली नव्हती. त्यांच्यातील बहुतेकींसाठी ही पुन्हा केलेली सुरुवात नव्हती, ती पहिलीच सुरुवात होती. कालांतराने मैदानी स्पर्धांत दोघांसाठीही पस्तीस ही एकच मर्यादा ठरली.

नावाचा गुंता मात्र सुटण्याऐवजी वाढत गेला. ब्रिटिश वळणाच्या देशांत अशा खेळाडूला ‘व्हेटरन’ म्हणत, अमेरिकेत ‘मास्टर’. नव्या शतकाच्या आरंभी जागतिक संघटनेनेही ‘मास्टर्स’ हे नाव स्वीकारले. पण जलतरणात पंचविशीतच मास्टर होता येते, ट्रॅकवर पस्तिशीत आणि अमेरिकेतील रस्त्यावरच्या शर्यतींत चाळिशीत. वय कोणत्या दिवशीचे धरायचे, याचेही नियम वेगळे आहेत. बहुतेक रस्ता शर्यतींत ते स्पर्धेच्या दिवशी पूर्ण झालेले वय असते, तर जलतरण आणि ट्रायथलॉनमध्ये (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला पूर्ण होणारे वय धरले जाते. त्यामुळे ऑक्टोबरात जन्मलेला गृहस्थ फेब्रुवारीतल्या एकाच आठवड्यात धावण्यासाठी एकोणसाठचा आणि ट्रायथलॉनसाठी साठचा असू शकतो.

मराठीत आपण या सगळ्यांना ‘ज्येष्ठ’ म्हणू लागलो आणि गोंधळात भर पडली, कारण ज्येष्ठ हा शब्द शासनाने आधीच व्यापलेला होता. २००७ च्या केंद्रीय कायद्याने ज्येष्ठ नागरिक म्हणजे साठ वर्षांचा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या धोरणात ती मर्यादा पासष्ट होती, २०१८ मध्ये ती साठवर आली. एसटीची अर्ध्या भाड्याची सवलत पासष्टला मिळते, पूर्ण मोफत प्रवास २०२२ पासून पंचाहत्तरीला, तर आयकराच्या लेखी माणूस ऐंशीव्या वर्षी अतिज्येष्ठ होतो. सवलतीसाठी आखलेली ही रेषा आणि बरोबरीच्या स्पर्धेसाठी आखलेली रेषा या मुळात दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीत, तुम्हाला आता कमी झेपते असे गृहीत धरलेले असते. दुसरीत, तुमच्याइतक्याच वयाच्या माणसांशी तुमची गाठ घालून दिलेली असते. आपल्याकडच्या आयोजकांनी पुष्कळदा पहिलीच रेषा उचलली आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे मोठ्या शहरी मॅरेथॉनमध्ये साठीपुढील लोकांसाठी ठेवलेली चार-साडेचार किलोमीटरची दौड. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये, यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने चढणारी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये. या तीन टप्प्यांत महाराष्ट्रातला हौशी धावपटू घडला. अर्धमॅरेथॉन आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये वरचे वयोगट आहेत, पण छायाचित्रे, घोषणा, फुगे आणि टाळ्या त्या छोट्या दौडीच्या वाट्याला येतात. ती दौड हजारो माणसांना घराबाहेर काढते हे मान्य केले, तरी साठीतल्या माणसाची जागा तिथेच, असा समज तिने रुजवला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बॉस्टनमध्ये साठ ते चौसष्टच्या पुरुषाला पात्रतेसाठी पूर्ण मॅरेथॉन ३ तास ५० मिनिटांत धावावी लागते. त्याच्यासाठी वेळ वाढवली आहे, अंतर कमी केलेले नाही. वयोगटाचा खरा उपयोग बारामतीजवळ दहाएक वर्षांपूर्वी दिसला. साठी ओलांडलेली एक शेतमजूर स्त्री पतीच्या उपचारांचा खर्च भागवण्यासाठी नऊवारीत अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. गटच नसता, तर बक्षिसाच्या आशेने तिने त्या शर्यतीत पाऊलही टाकले नसते.

सर्वाधिक वादग्रस्त ठरलेला निर्णय २०११ चा, आणि तोही टोरांटोशी जोडलेला. जालंधर जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेला, आयुष्यभर शेती केलेला एक शीख गृहस्थ पत्नी आणि मुलाच्या मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये राहू लागला. २००० मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन धावला. ऑक्टोबर २०११ मध्ये टोरांटोत, पारपत्रानुसार शंभर वर्षांचा असताना, त्याने आठ तासांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण मॅरेथॉन संपवली. त्याच आठवड्यात एका दिवसात १०० मीटरपासून ५००० मीटरपर्यंतच्या शर्यतीही तो धावला होता. जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ग्रंथाने मात्र हा विक्रम स्वीकारला नाही. जन्माच्या वेळी झालेल्या नोंदीचा कागद हवा, ही त्यांची अट होती. ब्रिटिश पारपत्रावर १ एप्रिल १९११ ही तारीख होती, शंभराव्या वाढदिवसाचे राणीचे पत्र होते आणि त्या काळी जन्मनोंदी ठेवल्या जात नव्हत्या, असे भारतीय अधिकाऱ्यांचे पत्रही होते. यांपैकी काहीही पुरेसे मानले गेले नाही.

नकाराच्या बाजूने जे म्हणता येते ते खोटे नाही. शतायुषी असल्याचे दावे जगभर मोठ्या प्रमाणावर चुकीचे ठरलेले आहेत, आणि कनिष्ठ गटांत वय चोरून खेळवले जाते, तसे वरच्या गटांत वय वाढवून सांगण्याचा मोह असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या जन्माचा पुरावा पारपत्र होऊ शकत नाही, कारण पारपत्रावरची तारीखही शेवटी कोणीतरी सांगितलेलीच असते. तरीही ही अट सर्वांना सारखी लागू होते असे म्हणणे बरोबर नाही. जेथे चर्चने किंवा सरकारने शतकानुशतके जन्म नोंदवले, तेथला म्हातारा ती सहज पुरी करतो आणि जेथे वसाहतीच्या सरकारने खेड्यातल्या मुलाचा जन्म टिपण्याची तसदीच घेतली नाही, तेथला कधीच पुरी करू शकत नाही. विक्रम नाकारणे एक वेळ समजू शकते. परंतु त्या नकारामुळे माणसाचे धावणेच संशयास्पद ठरले, हे अन्यायाचे होते. अंतर, वेळ आणि तो स्वतः, तिन्ही गोष्टी हजारो लोकांनी पाहिल्या होत्या. २०१३ मध्ये हाँगकाँगला दहा किलोमीटर धावून त्याने स्पर्धा थांबवल्या आणि २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या गावातच वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला.

हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी आहे, फक्त त्याचे रूप वेगळे आहे. येथे जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये भरत आणि पटावर नाव घालताना गुरुजी मुलाचे वय अंदाजाने सहा धरून तीच तारीख लिहीत. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ती नोकरीत, निवृत्तिवेतनात आणि आधार कार्डात उतरली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला राज्य शासनाचा कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी कार्यालयांत निरोपसमारंभांची रांग लागते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळालेल्या या मोकळ्या सकाळींतूनच महाराष्ट्रातल्या कितीतरी ज्येष्ठ धावपटूंची सुरुवात झाली आहे. मात्र त्यांचा वयोगट ठरवणारी तारीख त्यांच्या जन्माची नसून शाळाप्रवेशाच्या सोयीची आहे. खरी नोंद सापडलीच, तर कोतवाल बुकात किंवा तहसील कचेरीतल्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत सापडते, आणि तेथेही पुष्कळदा मुलाचे नाव नसते, ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच असते. पाच वर्षांच्या गटात एका वर्षाच्या चुकीने पहिला क्रमांक चौथा होऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा तपशील किरकोळ वाटत नाही.

वयाला बगल देणारे खेळही आहेत. दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमधील ब्रेव्हे प्रकारात वयोगटच नाहीत. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ६०० साठी चाळीस तास, सर्वांना सारखेच, आणि यादी वेळेच्या क्रमाने लागत नाही. पुण्या-नाशिकचे साठीतले सायकलपटू हा प्रकार आवडीने करतात तो बहुधा याच कारणाने. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमारित्झबर्गदरम्यानच्या सुमारे नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत महाराष्ट्रातून दरवर्षी मोठा गट जातो. तेथेही वयोगटांची बक्षिसे असली तरी शर्यत संपवण्याची बारा तासांची मुदत विशीच्या आणि सत्तरीच्या धावपटूला एकच असते. याच्या उलट, गोव्यात मिरामारला २०१९ पासून ज्याची अर्ध्या अंतराची आवृत्ती होते, त्या आयर्नमॅन ट्रायथलॉनमध्ये वरचे वयोगट माणसे येऊन पोचली तेव्हा उघडावे लागले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलेल्या एका अमेरिकी ख्रिस्ती जोगिणीने (ननने) २०१२ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, सतरा तासांच्या मुदतीत पूर्ण अंतर पार केले. तिच्या वयासाठी तोवर गटच अस्तित्वात नव्हते, ते तिच्यामुळे जोडले गेले.

अलीकडच्या काळात चर्चेचा रोख पुन्हा शरीराकडे वळला आहे. दशकानुदशके अतिदीर्घ सराव करणाऱ्या पुरुषांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक प्रकार अधिक आढळतो, असे अभ्यास सांगतात. २०२० च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर पासष्टीनंतर तीन दिवस तोल आणि ताकदीच्या व्यायामांवर भर दिलेला आहे. त्यामुळे नुसते किलोमीटर मोजणाऱ्या जुन्या मंडळींना आता स्क्वॉट आणि एका पायावर उभे राहण्याचा सराव शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे.

दाखल्याचा प्रश्न काळाबरोबर थोडा सैल होईल. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, अंमल १९७० पासूनचा. त्या वर्षी जन्मलेली माणसे २०३० मध्ये साठीच्या गटात येतील. मात्र कायदा झाला म्हणून वाड्यावस्त्यांवरची प्रत्येक प्रसूती त्याच वर्षापासून दप्तरात गेली नव्हती, आणि जन्माचा दाखला हाच तारखेचा पुरावा मानण्याची २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांनाच लागू आहे. आज सत्तरी-ऐंशीच्या गटात छातीवर क्रमांकाचा बिब लावून उभ्या असलेल्यांच्या पिशवीत शाळेचा दाखलाच असतो आणि त्यावर १ जून लिहिलेले असते.